मडकं वाजवून घ्यावं

कोथरूड, पुणे
मृग लागायच्या आदल्या आठवड्यात

चि. सौ. मधुरास,

तुझं नळकांडं पोचलं. मडक्यांच्या चित्रांच्या गुंडाळ्या टेबलावर पसरल्या, कोपऱ्यांवर वजनं ठेवली आणि दोन गिऱ्हाइकं ताटकळत असताना पाऊण तास नुसता बघत बसलो. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंयस: सहाही प्रिंट एकाच मापाच्या, पांढरा माऊंट, बारीक काळी पट्टी, मुळशीच्या नव्या घरी हॉलच्या मोठ्या भिंतीवर तीन-तीनच्या दोन ओळी, आणि ‘मामा, लेव्हल तेवढी चुकू देऊ नकोस.’ लेव्हल चुकणार नाही. बाकी प्रत्येक गोष्टीला माझी हरकत आहे. फोनवर सांगितलं तर ‘हो मामा, हो मामा’ म्हणून ठेवून देशील, म्हणून लिहितोय.

अडतीस वर्षं मी लोकांच्या भिंतींसाठी चौकटी करतोय. माझ्याकडे माणसं तीनच गोष्टी घेऊन यायची: देव, घरातली गेलेली माणसं आणि मुलांच्या पदव्या. अलीकडे चौथी आली, सोफ्याच्या रंगाला जुळणारं काहीतरी. तिचे पैसे चांगले सुटतात. पण वर्षभराने त्याच माणसाला विचारावं, भिंतीवर काय लावलंय रे, तर त्याला रंग आठवतो, चित्र आठवत नाही. तुझ्या मडक्यांची अशी गत होऊ नये एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुझी आजी माठ घ्यायला गेली की भाव विचारण्याआधी बोटाच्या पेराने तो वाजवायची. खणखणीत बोलला तर पुढची बोलणी. बद्द आवाज आला की पदर सावरून पुढच्या दुकानी. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं वाजवून कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितल्याची गोष्ट तिला फार आवडायची. भिंतीवर लावायची वस्तूही मी अशीच वाजवून घेतो. कोणी केली, कशासाठी केली, कुठून उचलली. तीन टिचक्या.

तू अमेरिकेत अल्बुकर्कीला तीन वर्षं राहिलीस, आसपासची मूळ रहिवाशांची प्युएब्लो गावं डोळ्यांनी पाहिलीस. मी ती फक्त वाचली. पण तू प्रत्येक प्रिंटच्या मागे पेन्सिलीने गावाचं नाव लिहिलंस हे फार बरं केलंस; त्या नावांचं बोट धरून महिनाभर वाचत होतो. पहिली गंमत ही की या प्युएब्लो लोकांकडे चाकच नव्हतं. बाई मातीच्या लांब वळ्या करते, एकावर एक बसवते, भोपळ्याच्या कवचीच्या तुकड्याने अंग सारखं करते आणि गुळगुळीत दगडाने घोटते. तो घोटायचा दगड आईकडून लेकीला येतो. रंगाची कुंचली म्हणजे युका नावाच्या झुडपाचं चावून मऊ केलेलं पान. आवा म्हणशील तर उघड्यावर, आपल्यासारख्याच शेणाच्या गोवऱ्यांचा. हे वाचल्यापासून मला ती चित्रं म्हणून बघताच येईनात. भांडी दिसतात. आणि भांडं घरात कुठे ठेवायचं ते त्याच्या कामावर ठरतं. म्हणून माझा सल्ला असा की एका भिंतीवर सहा जणांची कवायत नको. ज्याचं जे काम, ती त्याची भिंत.

ॲकोमाचा घडा घे. पांढऱ्या अंगावर काळ्या-तांबड्या रेघांची घट्ट जाळी, पातळ काठ. हा पाण्याचा घडा. उंच पठारावरच्या त्या गावात बायका डोक्यावरून पाणी आणायच्या, म्हणून त्याचा तळ आत दबलेला असतो, डोक्यावर बसावा असा. आणि ॲकोमाच्या मातीत काय मिसळतात माहितीय? जुन्या फुटक्या मडक्यांची पूड. आपले कुंभार राख मिसळतात, लीद मिसळतात. या बाया पणजीचं मडकं कुटून नातीच्या मडक्यात घालतात. हा घडा तुझ्या स्वयंपाकघराबाहेर, माठ ठेवायच्या कट्ट्याच्या वर लाव. माठ नसेल तर आधी माठ आण. फिल्टरच्या डब्यावर पाण्याच्या घड्याचं चित्र म्हणजे लग्नाच्या फोटोत नवरी नाही, असं होईल.

त्या कट्ट्याशेजारच्या खिडकीतून तुला मुळशीचं पाणी दिसतं. तुझ्या वास्तुशांतीला पाहुणे ‘काय व्ह्यू आहे’ म्हणत होते. त्या पाण्याखाली गावं आहेत. टाटांचं धरण व्हायचं होतं तेव्हा, १९२१ साली, मावळ्यांनी सत्याग्रह केला. विनायकराव भुस्कुटे पुढे होते, आणि पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला गेलं, त्याची वीज मुंबईला गेली. त्या गावांच्या प्रत्येक घरात एक उतरंड असणार, खाली मोठा रांजण, वर लहान होत गेलेली मडकी. मी तुला अपराधी वाटावं म्हणून लिहीत नाही. जमीन तू पैसे मोजून घेतलीयस. पण ॲकोमाच्या बाईचा पाण्याचा घडा त्या खिडकीशेजारी लागला तर पाण्याकडे नुसता ‘व्ह्यू’ म्हणून बघणं जरा अवघड जाईल, आणि ते बरंच आहे.

दुसरा तो रुंद तोंडाचा, जाड रेघांचा सॅन्टो डोमिंगोचा वाडगा. तिथले लोक गावाला आता केवा म्हणतात. ती परात आहे. गहू स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे आला, मग घुमटासारख्या मातीच्या भट्ट्या आल्या, आणि घरभर पुरेल एवढी कणीक भिजवायला असे मोठे वाडगे. आपली काठवट, फक्त मातीची. ही ओट्यासमोरच्या भिंतीवर. गॅसच्या वर नको, तेलाचा थर बसतो.

तिसरी ती पसरट खांद्याची, बारीक तोंडाची पिवळसर कुंडी. तू मागे ‘नाम्पेयो, होपी’ लिहिलंयस: पहिलं घडवणारीचं नाव, दुसरं तिच्या लोकांचं. हे बियाण्याच्या भांड्याचं रूप: तोंड लहान, म्हणजे उंदीर-किडा शिरायला वाव कमी. सिक्यात्की नावाच्या ओस पडलेल्या जुन्या गावाच्या खापरांवरची नक्षी बघून नाम्पेयोने ती पुन्हा जिवंत केली. १८९५ मध्ये तिथे उत्खनन झालं तेव्हा तिला आणखी नमुने बघायला मिळाले. उतारवयात तिची दृष्टी गेली. तरी ती हाताच्या अंदाजाने घडवत राहिली आणि रंगवायचं काम लेकींनी उचललं. १९४२ मध्ये ती गेली. ही कुंडी कोठीच्या खोलीत लाव, तांदळाच्या डब्यांच्या वर. कोठीत चित्र कोण लावतं, म्हणशील. जी दिवसातून चार वेळा तिथे जाते तिने लावावं. आपल्याकडे चांगल्या वस्तू पाहुण्यांच्या खोलीत आणि घरची बाई कळकट खोलीत, हा जुना रोग आहे.

चौथा सॅन इल्देफोन्सोचा काळा. हा मात्र खुशाल हॉलमध्ये लाव, कारण तो शोभेसाठीच जन्मला. तिथली मारिया मार्टिनेझ आणि तिचा नवरा ज्युलियन यांनी १९१९ च्या सुमारास ही काळ्यावर काळी नक्षी बसवली. आवा भर जोरात असताना त्यावर शेणाचा बारीक भुगा टाकून तो गुदमरवायचा; हवा कोंडली की धूर मातीत मुरतो आणि तांबडं मडकं काळं होऊन बाहेर येतं. घोटलेला भाग आरशासारखा, आणि ज्युलियनने पातळ मातीने रंगवलेली नक्षी खरवडल्यासारखी निस्तेज. काळ्यातलेच दोन काळे. म्हणून याला काळी पट्टी मुळीच नको, चौकट त्यातला एक काळा खाऊन टाकेल. साधी सागवानी पट्टी, बिनपॉलिशची.

पाचवा पक्ष्याचा घडा झियाचा. तो तुझ्या ईशानच्या खोलीबाहेर, जमिनीपासून तीन फुटांवर लाव, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला. त्याला गोष्ट सांग. झियाची जमीन हलकी, पीक बेताचं. म्हणून ते शेजारच्या गावांना मडकी द्यायचे आणि धान्य घ्यायचे. आपला कुंभार बलुत्याला शेतकऱ्याच्या खळ्यावर जायचा तसंच. पुढे याच गावच्या एका घड्यावरचं सूर्याचं चिन्ह न्यू मेक्सिको राज्याने १९२५ मध्ये आपल्या झेंड्यावर घेतलं. झियाच्या लोकांना विचारलं नाही, आणि ती सल त्यांना अजून आहे. ईशानने तो झेंडा शंभर वेळा पाहिला असेल. आपल्या वारली चित्रांचं काय झालं बघ. लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक लिहायच्या, ते आता चादरीवर, कपावर, हॉटेलच्या नॅपकिनवर. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली तरी त्या कपावर ना गावाचं नाव असतं ना बाईचं. म्हणून प्रत्येक चौकटीच्या मागे मी पांढरी चिठ्ठी लावणार आहे: गाव, करणारीचं नाव ठाऊक असेल तर नाव, भांड्याचं काम. तुझी पेन्सिल पुसट होत चाललीय.

आता सहावा. इथे मी तुझ्यावर जरा रागावणार आहे, पण तुला ठाऊक नव्हतं म्हणून थोडाच. पांढऱ्या वाडग्यात काळा ससा, किती ऐटीत बसलाय, आणि तळाशी एक वेडंवाकडं भोक. चिठ्ठीत तू लिहिलंयस, ‘हा सगळ्यात क्यूट, डायनिंग टेबलाच्या वर.’ मधू, हा मिम्ब्रेसचा वाडगा. साधारण इसवी सन १००० ते ११३० मधला, आजच्या प्युएब्लो लोकांच्या पूर्वजांचा. माणूस गेला की घराच्या जमिनीखाली पुरताना असा वाडगा त्याच्या चेहऱ्यावर पालथा घालायचे, आणि घालण्याआधी तळाला भोक पाडायचे. पुढे विसाव्या शतकात लोकांनी हे वाडगे विकण्यासाठी थडग्यांवरून बुलडोझर फिरवले. तळाचं ते भोक पुरताना पाडलेलं आहे, भांडं जुनं झाल्याचं नाही.

तुझ्या आजोबांच्या अंत्यविधीच्या वेळी मडकं माझ्या खांद्यावर होतं. पहिल्या फेरीला मागून कुणीतरी दगडाने टोचा दिला, धार पाठीवर लागली. दुसरा टोचा, तिसरा. मग मागे न बघता खांद्यावरून सोडून दिलं. फुटल्याचा आवाज अजून कानात आहे. तशाच भोकाच्या भांड्याचं चित्र तू जेवणाच्या टेबलाच्या वर लावशील? तो वाडगा मी चौकटीत घालणार नाही. प्रिंट नीट गुंडाळून तुला परत देतो. टाकू नकोस, पण भिंतीवर नको. कपाटात ठेव आणि ईशान मोठा झाला की दाखव.

आणि गेलेल्याला घराखाली भांड्यासकट पुरणं फक्त तिकडचं आहे असंही समजू नकोस. आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ ते १९८३ तिथे खणलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी अशी माणसं होती. साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासूनचं शेतकऱ्यांचं गाव निघालं, शंभराहून अधिक घरं. घरांच्या जमिनीखाली लहान मुलं. मूल गेलं की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत त्याला निजवायचं. आईच्या पायाखाली, चुलीपासून हाकेच्या अंतरावर. मिम्ब्रेसची आई आणि घोडकाठची आई यांच्यामध्ये दोन हजार वर्षं आणि सात समुद्र, पण दोघींनी दुःख ठेवायला भांडंच शोधलं.

त्यावरून तुला खरा सल्ला देतो. पाच मडकी परदेशी लागली की सहाव्या खिळ्यावर आपलं एक येऊ दे. इनामगावची भांडी जोर्वे पद्धतीची. नाव पडलं ते संगमनेरजवळच्या प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून, तिथे १९५० च्या सुमारास सांकलिया आणि देव यांनी खणलं होतं. अंग नारिंगी-तांबडं, त्यावर काळ्या सरळसोट रेघा, चौकड्या, तिरप्या जाळ्या. आकार थोडेच: पोटाशी धार आलेला वाडगा, उंच मानेची मडकी, आणि माझं आवडतं तोटीचं भांडं, निमुळती तोटी आकाशाकडे रोखलेली. चाकावर घडवलेलं आणि असं कडक भाजलेलं की टिचकी मारली तर धातूसारखं वाजतं. हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा तुझी आजी डोळ्यांपुढे उभी राहिली. तिने ते घेतलं असतं.

तर पावसाळ्यात एखाद्या सुट्टीला ईशानला घेऊन येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जा. कधी उघडं असतं ते आधी विचारून घे. फोटोची परवानगी मिळो न मिळो, वही-पेन्सिल ने. पुरातत्त्वाची माणसं भांडं कसं काढतात ते बघण्यासारखं असतं: मध्ये एक उभी रेघ, एका बाजूला भांड्याचा काठ चिरून दाखवल्यासारखा, जाडी किती, वळण कुठे, दुसऱ्या बाजूला बाहेरचं अंग आणि नक्षी. अर्धं आतलं, अर्धं बाहेरचं. तू शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्यास. तोटीचं भांडं असं काढ, ईशानला अर्धं काढू दे. तो कागद मी फुकट फ्रेम करून देईन. विकत आणलेल्या पाच प्रिंट आणि स्वतः तासभर बसून काढलेलं एक भांडं, यांतलं घर कुणाचं ते वेगळं सांगायला नको.

आता धंद्याचं. ही चित्रं आली कोरड्या मुलखातून. अल्बुकर्कीला वर्षाचा पाऊस दोनशे-अडीचशे मिलिमीटर. इनामगावही दुष्काळी पट्ट्यातलंच. तुझं घर मुळशीला. वर ताम्हिणीत एका पावसाळ्यात सहा हजार मिलिमीटरच्या पुढे पडतो, आणि त्याची ओल तुझ्या भिंतीला येणार ती येणारच. तेव्हा:

या पावसाळ्यात एकही खिळा ठोकू नकोस. नवा गिलावा पहिला पावसाळा पाणी सोडतो. कुठल्या भिंतीला पापुद्रे येतात, कुठे काळे ठिपके पडतात ते बघून ठेव. दसऱ्यानंतर मी येतो. पश्चिमेच्या, पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर काहीही लावायचं नाही. आतल्या भिंती शोध.

काच कागदाला टेकता कामा नये. आजोबांचा तो लष्करी टोपीतला फोटो काचेला चिकटून नाक गेलं, आठवतं ना? मध्ये माऊंटची जाडी हवी, आणि माऊंट आम्लमुक्त. स्वस्तातल्याची कड चार-पाच वर्षांत चहासारखी पिवळी पडते आणि डाग कागदावर उतरतो. मागे हार्डबोर्ड नको, तो ओल पितो आणि वाळवीला आमंत्रण देतो. मी फोमचं बोर्ड घालून कडा टेपने बंद करीन. खालच्या दोन कोपऱ्यांना रबराची बुचं, म्हणजे चौकट भिंतीपासून बोटभर सुटी राहील आणि मागे हवा खेळेल. चुन्याच्या ओल्या भिंतीला पाठ घासून बसलेलं चित्र माणसासारखंच आजारी पडतं.

सोमवार ते शुक्रवार घर बंद असतं, हे चित्रांना पावसाइतकंच वाईट. श्रावणात उघडीप पडली की दोन तास खिडक्या उघडायला राखणदाराला सांग. कसर लागलीय का ते महिन्यातून एकदा चौकटीमागे टॉर्च मारून बघ. उन्हाचा थेट पट्टा कुठल्याही प्रिंटवर नको. ॲकोमाचा तांबडा आधी उडेल.

माप. तू सगळी दोन फूट बाय तीन फूट मागितलीयस. पाण्याचा घडा खरा असतो वीतभर, फार तर सव्वा वीत उंच. एवढासा बाईच्या डोक्यावर बसतो म्हणून तर तो घडा. त्याला तीन फूट केलंस तर तो हौद होईल. जवळपास खऱ्या आकारात पुन्हा छापून घे, भोवती माऊंट भरपूर सोड. बघणाऱ्याचा हात आपसूक पुढे जावा, धरावंसं वाटावं, एवढंच माप बरोबर. फक्त परात मोठी असायची, ती मोठी चालेल.

जावईबापूंना आशीर्वाद. त्यांना सांग, मामाने हॉलची भिंत जवळजवळ रिकामीच ठेवली म्हणून वाईट वाटून घेऊ नका. एक काळं मडकं तिथे एकटं असेल, आणि एकटं असल्यामुळे दिसेल.

तुझा,
मामा

ता. क. दसऱ्यानंतर येताना माठ मीच घेऊन येतो. तुम्ही दोघं रंग बघून घ्याल. मी वाजवून घेईन.